कडव्यागणिक उलटलेलं वांगं

सौ. गोपिकेस रुपरावाचे अनेक आशीर्वाद,

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत वांग्याची साल तडकायची, तो आवाज सकाळपासून कानात आहे. आज चंपाषष्ठी ना! चातुर्मासात सोडलेलं वांगं तू माझ्याच हातचं भाजलेलं खायचीस. मी शाळेतली कविता म्हणत भाजायचो. कडवं संपलं की वांगं उलटायचं. अडलो, की रोडगे थापता थापता तू पुढची ओळ सांगायचीस.

इथे थोरल्याकडे सगळं ठीक आहे. सूनबाई जपते. आज तिच्या ओव्हनमध्ये मीच हट्टानं वांगं ठेवलं. तिसऱ्या कडव्यात अडकलो, पुढची ओळ सांगायला कोणी नव्हतं, आणि मशीनची घंटी वाजली. भरीत छान झालं म्हणतात सगळे. माझ्या घशाखाली उतरलं नाही.

पोरांनी शेतासोबत आपल्यालाही वाटून घेतलं. तिकडे मौद्याला गुडघे कसे आहेत तुझे? धाकटा अमोल नीट बोलतो ना? माझ्यासाठी उपाशी राहू नकोस वं.

तुझाच,
रुपराव

ता. क. आत्ताच बेल वाजली. वाटणीपासून या घराची पायरी न चढलेला आपला अमोल दारात उभा आहे. म्हणतो, "बाबा, चला मौद्याले. माय जेवूनच नाही राहिली. गोवऱ्या पेटवून बसली हाये."