उघाडीची फळी

सोम. १० नोव्हें.
डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं वजन, सूज, धाप रोज लिहायला सांगितलंय. मी चौथी शिकलेली. जमेल तसं लिहीन. वजन (व.) ६४ किलो. घोटे सुजलेत, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. मळ्याच्या बांधावर चढताना दोनदा बसले. काळजातली झडप गळते. मीठ बंद.

गुरु. १३
व. ६६. रेशनच्या काट्यावर परत उभं केलं. तेच. जेवणात मी चिमूटभर मीठ घातलं नाही. मग?

शुक्र. १४
दवाखाना. "खातात काय?" म्हटलं, पेज आणि भाजलेला खारा बांगडा, तोंडाला चव नाही ना ह्यांच्या. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यातलं मीठ मीठच!" पावसाआधी मीच मुठीमुठीने लावून वाळवलेले. डोक्यातच आलं नाही. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, थकलेल्या काळजाला ते ओढवत नाही. म्हणजे सूज मीच वाढवली.
मग कागदावर चार खोल्या काढल्या. अंगातून फिरून आलेलं रक्त उजवीकडे येतं, तिथून फुफ्फुसात. हवा घेऊन डावीकडे, आणि तिथून जोरात अंगभर. मध्ये झडपा, एकाच बाजूला उघडणाऱ्या. ह्यांची डावीकडची मिटत नाही, दर ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं, फुफ्फुसात तुंबतं. म्हणून धाप. मी नुसती बघत होते. हे लगेच, "बांधातली उघाडी गो ती! ओहोटीक फळी उघडता, मळ्यातला पाणी खाडीत जाता. भरती इली की आपसूक मिटता, खारा आत येणा नाय. माझी फळी मिटणा नाय, इतक्याच."
बाई म्हणाल्या, अगदी तसंच. नवीन झडप बसवायची, गोव्याला.

रवि. १६
व. ६४. ऑपरेशन नको म्हणतात. वीस वर्षं गावची उघाडी हेच सांभाळतात. "फळी बदलूची तर बांध फोडूचो लागता. चारदा फोडलंय मी. माका शिकवू नको."
"मग परत बांधलात ना?"
"तीनदा. एक व्हावान गेलो."
मी भांडी घासायला गेले.

मंगळ. २५
पाठीला तीन उशा, तरी धाप. सरळ विचारलं, मरायचं ठरवलंय काय? सांगा, म्हणजे मी पेज शिजवायची थांबते. हे म्हणाले, "उघाडी गळता. उधाणाआधी ती दुरुस्त कर, मगे गोव्याक जातंय."
ओहोटीला उतरले. कमरेएवढा चिखल. हे बांधावर खुर्ची टाकून.
"डावीकडे गो! डोळे खंय तुझे?"
"मगे तुमीच उतरा."
फळीच्या कडेला जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. महिन्यात पहिल्यांदा हे हसले. मग खोकला.

गुरु. ४ डिसें. गोवा
आठला आत नेलं. काळीज थांबवून ठेवतात, तोवर यंत्र रक्त फिरवतं. थांबवतात. हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर सही केली नसती मी. म्हणून आजच सांगितलं असेल.
जाताना बोलले ते एवढंच, "आज पुनव. पट्टी धरता काय ता विचार."
दुपारी शेजारच्या शेवंतीचा फोन. उधाण भरून आलं. "फळी घट मिटली गो बाय, मळ्यात थेंब नाय."
तीन वाजले. दार बंदच. नर्सला दोनदा विचारलं, बसा म्हणते.
ह्यांनी डोळे उघडले की आधी पट्टीचं सांगायचं.