चपलांची टोपली

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात म्हणून लिहून ठेवतेय. आज बेटावरच्या रिसॉर्टला नेणाऱ्या अकराच्या बोटीत एक म्हातारं जोडपं आहे. काल बुकिंगच्या फोनवर आजी विचारत होत्या, "सगळ्यांचे चपला-बूट टोपलीत टाकून घेणारे ते नावाडी आहेत का हो अजून? लग्नानंतर आलो, तेव्हा उतरताना ह्यांना एक बूट दुसऱ्याचाच दिला होता!" तो अजून जपून ठेवलाय म्हणे.

पांढऱ्या शर्टाला इस्त्री केलीय. गोळी घेऊन साडेदहाला धक्क्यावर या.

परवा त्याच टोपलीत चपलांची अदलाबदल झाली, म्हणून मी पाहुण्यांसमोर तुमच्यावर खेकसले, "उद्यापासून इथे फिरकू नका" म्हणाले. जिभेला हाड नाही माझ्या.

तुम्ही कालपासून शोधताय ती टोपली हरवली नव्हती, बाबा. मीच माळ्यावर टाकली होती. पुसून दाराशी ठेवलीय.