तिखटाचे तेल

अमरावती, कार्तिक वद्य ५, शके १७८६

तीर्थस्वरूप सुभद्राक्का यांस, मोरोपंताचे कृ. सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. बरगडीवरची नागीण जाऊन सहा महिने झाले, तरी तुमच्या अंगातली आग जात नाही, असे अकोल्याहून आलेल्या गाडीवानाकडून कळले. सोबत माझ्या वातमर्दन तेलाची बाटली पाठवतो. अमेरिकेत लढाई लागल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला भाग्य आले, तसे कापूसवाल्यांच्या दुखण्यांनाही आले. काल उत्तमराव देशमुख स्वतः दारी येऊन सांगून गेले की दोन दिवसांत मांडीची कळ थांबली. बाटलीवर नानांचे नाव घातले आहे. जन्मभर वैद्यकी करून वडिलांना जे नाव मिळाले नाही, ते मी मिळवून देत आहे. अकोल्याच्या धुळीत बसून हे तुमच्या लक्षात यायचे नाही. दोन वेळा चोळावे आणि शंका काढू नयेत. शंकेने गुण जातो.

बंधूवर लोभ आहेच, तो तेलाबरोबर वाढावा.

—

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध २

चिरंजीव मोरोपंतास, सुभद्रेचे अनेक आशीर्वाद. विशेष,

तेल पोचले. बाटली उघडताच अर्धे घर शिंकले. नानांच्या नावाखाली तू केवड्याचे अत्तर विकतोस, हे नाकाला कळले. अंगाला कळायचे आहे. नाना रोग्याकडे पायी जात, आणि गुण आला नाही तर तसे कबूल करून येत. तुझ्याकडे रोगी छकड्यात बसून येतात आणि गुण आला असेच सांगतात. तुझ्या गादीवर बसून दुसरे काही म्हणणे त्यांच्या नव्या पागोट्यांना शोभत नसेल.

शंका काढू नये म्हणतोस, म्हणून काढतेच. माझी जाऊ कुंदा हिने तीन सारख्या बाटल्या भरल्या. एकीत तुझे तेल, दुसरीत नानांच्या वहीतले निर्गुंडीचे, तिसरीत घाण्यावरचे साधे तिळाचे. वासाने ओळखू येऊ नये म्हणून तिन्हींत तोच केवडा घातला. बाटल्यांच्या गळ्यांना निरनिराळे दोरे बांधले. कुठल्या दोऱ्यात काय, हे तिलाच ठाऊक. एकेक तेल आठ दिवस लावायचे, मध्ये चार दिवस काहीच नाही. रोज दुपारी दुखऱ्या जागी पदर टाकते आणि तो किती वेळ सोसतो ते जपमाळेवर मोजते. नुसता पदर, पण निखारा ठेवल्यासारखा लागतो.

निकाल कळवीन. तोवर नानांचे नाव जरा बारीक अक्षरात लिही. अक्कावर रागावलास तरी विसरू नये.

—

अकोला, माघ शुद्ध १

चिरंजीव मोरोपंतास अनेक आशीर्वाद. विशेष,

कुंदाने दोरे सोडले. साध्या तेलाला चाळीस मणी, तुझ्या तेलाला एकेचाळीस. तो एक मणी तुला इनाम. हसून घेतले, पण नानांच्या निर्गुंडीला अडतीसच निघाले, तेव्हा मी माजघरात जाऊन रडले. तरी जे आहे ते लिहिते. तुझ्यासारखी बाटली सजवत नाही.

पुढचे ऐक. तिखट कुटायला येणारी आशाबाई पौषाच्या आरंभी मला म्हणाली, की मिरच्या कुटून कुटून आमच्या हाताले आता चिमटाही समजत नाही. मी मिरच्या तिळाच्या तेलात मंद आचेवर शिजवून गाळल्या आणि ते तेल थोडे थोडे लावले. पहिले पाच दिवस आगीवर आग. कुंदाने बाटली लपवून ठेवली, ती मी शोधून काढली. तिसऱ्या आठवड्यात पदर अंगावर ठेवून पुरी माळ ओढली. आता त्या कुशीवर निजते.

दुसऱ्या कुणाला गुण येईल की नाही, ठाऊक नाही. कळले की लिहीन. आठवण असू दे.

—

अमरावती, माघ वद्य ३

तीर्थस्वरूप अक्का यांस कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून उत्तमरावांसुद्धा सगळी बैठक हसली. अंगाला तिखट लावायचे तर मीठ-लिंबूही लावा, म्हणजे बरगडीचे लोणचे वर्षभर टिकेल. एका बाईने माळ ओढून औषधे पारखायची, तर वैद्यांनी पोथ्या मिटून ठेवाव्यात. तुमची भावजय तारा हिच्या तळपायांची आग माझ्याच तेलाने महिन्यात गेली. तिने स्वतः सांगितले. याहून मोठी साक्ष कोणती? हा विषय आता पुरे.

लहान्यावर कृपा राहो.

—

अमरावती, फाल्गुन शुद्ध ४

अक्का,

मायना घालायला हात धजत नाही.

काल दुपारी मी अवचित घरी आलो. तारा मागच्या पडवीत रांजणाखालच्या ओल्या वाळूत दोन्ही पाय खुपसून बसली होती. लुगड्याचा बोळा तोंडात धरला होता. कधीपासून, म्हणून विचारले. तिने तोंडातला बोळा काढला. मग म्हणाली, की आग एक दिवसही थांबली नव्हती. पण तुम्ही रोज स्वतःच्या हाताने तेल लावता, चार लोकांत माझे नाव सांगता, मग नाही कसे म्हणू?

चार महिने, अक्का. मी तिचे पाय चोळत होतो आणि ती मला बरे वाटावे म्हणून हसत होती. उत्तमराव काय सांगत होते, देव जाणे. आज बाटल्यांवरच्या नानांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायला बसलो आहे. तुमचे तिखटाचे तेल मिळेल का? वाटेल ते बोला, पण पाठवा.

तुमचा मोरू

—

अकोला, फाल्गुन शुद्ध ७

चिरंजीव मोरूस आशीर्वाद. विशेष,

बोलायला पुष्कळ आहे, पण ते तोंडावरच बोलेन. तेल पाठवत नाही, घेऊन येते. तुझ्या हाती दिले तर तू त्यात केवडा घालशील. छकडा ठरला आहे, परवा निघते. पायांना भेगा किंवा जखम असेल तर तेल लावायचे नाही, आणि लावलेला हात डोळ्याला लावायचा नाही. गुण येईलच असे मी म्हणत नाही.

ताराला एवढे आताच सांग. माझ्यापुढे बरे वाटले असे खोटे म्हणायचे नाही. दुखत असेल तर दुखते म्हणायचे, तेल माझे असले तरी. मी तिच्या शेजारी माळ घेऊन बसेन.

भेटीपर्यंत तू तिचे पाय गार पाण्यात धर.