लिओनेलदादाने निवडलेलं मशीन

पास्तो,
१२ जानेवारी

प्रिय लिओनेलदादा,

तू आणि मारुहा वहिनी बरे असाल. कार्निव्हलची झोप आता कुठे भरून निघत असेल, आणि मिरवणुकीत उधळलेली पांढरी पावडर कानांतून अजून निघत असेल. पहिल्या नंबराबद्दल आम्हा सगळ्यांकडून अभिनंदन. आमचा चित्ररथ तिसरा आला. घरात कोणी तोंड वाकडं केलं नाही, यावरून काय ते ओळख.

पत्र लिहायला बसले ती मशीनबद्दल तुझे आभार मानायला. तू म्हणशील, त्यात काय एवढं! पण फोनवर बोलून भागेल असं ते नाही.

ऑगस्टमध्ये तुला फोन केला तेव्हा मी एवढंच सांगितलं होतं, की कॉम्प्युटरचं जुनं मशीन रखडतं. पडद्यावर घडवलेली मूर्ती जरा फिरवली की पडदा गोठतो, आणि कार्निव्हलच्या समितीला पाठवायचं पक्कं चित्र तयार होता होता, म्हणजे रेंडर होता होता, मध्येच बंद पडतं. दुकानदार मला एक सडपातळ लॅपटॉप गळ्यात मारत होता. त्याचा कीबोर्ड वेड्यासारखा रंग बदलायचा. तुला सांगितलं, तर तू हसलास. "औरा, दिव्यांनी मूर्ती घडत नाही गं. आधी सॉफ्टवेअरला काय लागतं ते बघ, मग दुकानात जा."

मग तू मला एकेक गोष्ट समजावलीस. मूर्ती घडवताना काम प्रोसेसर आणि रॅमवर पडतं, तेव्हा रॅममध्ये हात आखडू नकोस. शेवटचं चित्र काढणार ग्राफिक्स कार्ड. त्याची स्वतःची मेमरी कमी पडली, की अख्खा देखावा त्यात मावत नाही आणि रेंडर अर्ध्यावर मरतं. म्हणून कार्ड नुसतं वेगवान नको, पोट मोठं असलेलं हवं. लॅपटॉप नकोच, तुमच्या कारखान्यात प्लास्टरची धूळ, तो गुदमरेल. मोठं कॅबिनेट घे, पंख्यांपुढे जाळी लाव. पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करू नकोस. स्क्रीन लहान असली तरी चालेल, रंग खरे दाखवणारी हवी.

आणि एका गोष्टीसाठी तू हटूनच बसलास. "पेनने थेट पडद्यावर काढता येतं, तसली पाटी घे. बाकी काही कमी कर, ती घेच." मी म्हटलं, माझं माउसवर भागतं. तू म्हणालास, "तुझं भागेल. तरी घे." आणि सॉफ्टवेअरमध्ये रेघ स्थिर करायची सोय कुठे असते, तेही लिहून पाठवलंस. मला वाटलं, दादाला नव्या खेळण्यांचा सोस.

मशीन आलं, तेव्हा बाबा दारातूनच म्हणाले, "हे काय, लाइटबिल वाढवायला आणलंस?"

"ह्यावर म्हातारी घडवायची आहे, बाबा."

"ह्याला मातीचा वास येतो का? नाही ना? मग मला दाखवू नकोस."

म्हातारी म्हणजे आमची यंदाची मूर्ती, ज्वालामुखीच्या तोंडाशी बसून धुराचं सूत कातणारी. कल्पना बाबांचीच. पण वर्षभर ती त्यांच्या डोक्यातच होती. नमुना काही होत नव्हता. आज माती कोरडी, उद्या पाठ दुखते, परवा उजेड बरा नाही. मी सगळं ऐकून घेत होते. समितीला चित्र गेलं नाही, तर यंदा बाबांचा, मास्तर सेराफिन बोतिनांचा चित्ररथ नाही, हे त्यांनाही कळत होतं.

तुला मी जे फोनवर सांगितलं नाही ते हे, की त्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी नाव सांगितलं आहे त्या आजाराचं, बाबा ते घरात उच्चारू देत नाहीत. जेवताना कप धरायचा तर ते आम्हाला खिडकीबाहेर काहीतरी बघायला लावतात. जुनं रखडत होतं म्हणून मी नवं मशीन घेतलं, हे आहेच, पण खरं कारण हे होतं, की म्हातारी आता मलाच घडवावी लागणार होती.

आणि मला ती जमेना. चेहरा गोड व्हायचा. एका सकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. "ही काय कातणार? ही तर साबणाच्या जाहिरातीतली आजी!" मी चिडून उठले आणि पेन त्यांच्या हातात कोंबलं. "मग दाखवा तुम्हीच!"

हात थरथरत होता. मी पटकन तुझी ती रेघ स्थिर करायची सोय सुरू केली. दादा, पेनचं टोक पडद्यावर नाचत होतं, आणि त्याच्यामागून येणारी रेघ मात्र शांत, भरीव. डोळ्याखालची सुरकुती. नाकाचा बाक. बाबांचा हात, जसा माझ्या लहानपणी होता तसा.

बाबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ही पाटी घ्यायला तुला कोणी सांगितलं?"

तू आमचा कारखाना सोडून गेल्यापासून तुझं नाव आमच्या घरात निघत नाही, तुला माहीत आहे. तरी मी सांगितलं.

ते स्टुलावर बसले. "त्याला ठाऊक होतं," म्हणाले. "माझा हात थरथरतो, हे सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, मास्तर, मूर्तीचं नाक आज मी करू का? एवढंच म्हणाला बिचारा. आणि मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणून हाकललं. माझी कल्पना पळवतो म्हणालो."

दादा, आम्हाला वाटलं होतं, तू पैशासाठी आम्हाला सोडून गेलास. अख्ख्या गल्लीला वाटलं. सोइला काकू तर आजही तुला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणते. आणि तू एका शब्दाने म्हणाला नाहीस, की मास्तरांचा हात थरथरतो. तुझं नाव खराब झालं, पण त्यांचं गुपित तू राखलंस. आणि माझा फोन आला, तेव्हा तुझ्याच विरुद्ध स्पर्धेत उतरायला मला सगळ्यांत चांगलं मशीन निवडून दिलंस.

त्यानंतर बाबा रोज सकाळी कॉफी घेऊन माझ्याआधी स्क्रीनपुढे. मोठी मूर्ती आम्ही मुलांबाळांसह कागदाच्या लगद्यात केली, पण चेहरा त्यांचा आहे. "अगं, ही न कुरकुरता फिरते!" म्हणत म्हातारीला उगाचच गरागरा फिरवायचे.

आता जे तुला दिसलं नसेल ते सांगते. मिरवणुकीत तू तुझ्या रथावर होतास, खाली लोकांचा एकमेकांवर फेसाचा मारा चालला होता. आमचा रथ पुढे गेला, मी बाबांजवळ फुटपाथवर थांबले. ते खुर्चीवर, हात अंगावर पांघरलेल्या लोकरी पोंचोच्या आत. तुझा रथ वळणावर आला आणि ते उठून उभे राहिले. हात बाहेर काढला आणि उंच धरला. सगळ्यांसमोर थरथरत होता.

शेजारी सोइला काकू होती. म्हणाली, "मास्तर, थंडी वाजते का हो?"

"नाही बाई. आजार आहे मला. हात थरथरतो." आणि तुझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "तो वर उभा आहे ना, तो माझा शिष्य. त्याला हे कधीपासून ठाऊक होतं, विचारा त्याला!"



रविवारी मी बाबांना तुझ्या कारखान्यात घेऊन येते आहे. काय बोलणार ते मला सांगत नाहीत, पण नवा शर्ट इस्त्री करून घेतला आहे. दार उघडं ठेव, आणि त्यांनी हात पुढे केला तर घट्ट धर.

तू जे बोलला नाहीस त्याची जन्मभर ऋणी,
तुझी धाकटी बहीण म्हणवून घ्यायला पुन्हा तयार असलेली,
औरा