कॅमेऱ्याबाहेरची आई

परदेशातून अक्कल शिकवणाऱ्या तीर्थरूप बाबांना,

नमस्कार नंतर करतो, आज आधी भांडणार आहे.

काल तुम्ही फोनवर कडाडलात, "पोरीच्या नादानं कॉलेज सोडलंस, आता तिच्यामागं परगावी निघालास? आधी एकट्यानं पायावर उभा राहा! लोक हसतील!" आणि साठीला टेकल्यावर लॅपटॉप काखोटीला मारून तुम्ही आईसोबत देशोदेशी निघालात, भाड्याच्या खोल्यांत बसून कंपनीचे हिशेब तपासू लागलात, तेव्हा लोक रडले होते का? आत्या तोंडावर म्हणाली, "म्हातारचळ लागलाय." तुम्ही म्हणालात, "लागू दे," आणि विमानात बसलात. तेच उत्तर मी उचललंय.

व्हिडिओवर मला झापताना तुम्ही एकटेच दिसता. पण शब्द अडला की तुमची नजर बाजूला जाते आणि तिकडून आईचा हात हळूच चहाचा कप पुढे सरकवतो. ती शेजारी नसेल तर तुम्हाला धड रागावताही येत नाही! मग मीच का आधी एकट्यानं पायावर उभं राहायचं?

जिच्यावरून तुम्ही कडाडलात, त्या पोरीला परगावच्या दवाखान्यात नोकरी लागलीय. मी तिथल्याच गॅरेजात काम धरलंय. मी गेल्यावर घरच्या तुमच्या कुंड्यांना शेजारच्या काकू पाणी घालतील.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. पाठवलं तर पळपुटा म्हणाल. उद्या व्हिडिओवर तोंडावरच सांगेन. ती माझ्याशेजारी बसेल, चांगली कॅमेऱ्यात दिसेल अशी. तुम्हीही आईला जरा पुढे घ्या. सुनेला सासू दिसायला नको?

तुमच्याच वळणावर गेलेला,
कार्टा