माझ्या बाजूचा ब्रेक

४ फेब्रुवारी, बुधवार
सरावाच्या मैदानात एक नारिंगी कोन आडवा झाला. फक्त कोन. शिकणारा घाबरट होता, ब्रेकऐवजी त्याने ॲक्सिलरेटर दाबला. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला, पण जरा मागाहून. होतं असं.
दादाने ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं आहे, म्हणून खिडकीही त्यालाच. खाली आला, कोन उभा केला, माझ्या काचेशी वाकला. म्हणाला, इथे माणूस असता तर? मी म्हणालो, माणूस बाजूला झाला असता. त्याने नाकाने एक श्वास घेतला. माझा.

५ फेब्रुवारी
दादाचा हुकूम. महिनाअखेर थेरपिस्ट शोधायचा, जायला लागायचं, त्याची चिठ्ठी आणायची. नाहीतर गाडीची किल्ली वहिनीच्या हातात. वहिनी म्हणाली, भावोजी, आता तरी मनावर घ्या. मी म्हणालो, घेतलंय.
मुलगी मार्चच्या सुरुवातीला अठरा पूर्ण करते. तिला गाडी मी शिकवणार, हे ती माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायची तेव्हापासून ठरलेलं. बायको म्हणते, तुम्ही असे असताना तुमच्या शेजारी मी तिला बसू देणार नाही. असे म्हणजे कसे, विचारलं. बायको मुलीकडे बघायला लागली. मुलगी ताट घेऊन उठली.
संकल्प : उद्यापासून पिणं बंद. उद्या शुक्रवार आहे. आठवडा संपताना काही सुरू करू नये. सोमवारपासून.

९ फेब्रुवारी, सोमवार
बंद केली. अकराच्या सुमारास हात थरथरू लागला. गिअरवर माझा हात होता, शिकणाऱ्याला वाटलं इंजिनात बिघाड आहे. हे बरं नव्हे. शिक्षकाचा हात स्थिर हवा. थर्मासमधून दोन घोट, निव्वळ सुरक्षेसाठी. वर पेपरमिंट.
दारुडा आणि मी यांत फरक आहे. दारुडा चवीसाठी पितो. मला चव आवडत नाही.

११ फेब्रुवारी
थेरपिस्ट नंबर एक. दारापर्यंत गेलो. दारात ‘डॉक्टरांसाठी राखीव’ अशी पाटी आणि खाली त्याची गाडी. मागचं चाक पट्टीवर, पुढचं शेजाऱ्याच्या जागेत. इतकी वर्षं मी लोकांना गाडी सरळ लावायला शिकवतोय. ज्याला चार चाकं सरळ लावता येत नाहीत तो माझं काय सरळ करणार. परत फिरलो.
बायकोला सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. अंगणात पाऊलच न टाकणारे तुम्हीच.

१३ फेब्रुवारी
नंबर दोन. फोनवर. बाईचा आवाज, तरुण. म्हणाली, आत्ता बोलताना घेतलेली आहे का? हा काय पहिला प्रश्न झाला? मी उलट विचारलं, मॅडम, तुमचा अनुभव किती? तिने सांगितला. बराच निघाला. मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि तोडला.

१७ फेब्रुवारी
दारू सोडणारे सगळे मिळून बसतात त्या ठिकाणी गेलो. हॉल, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाचे कागदी कप. आत पाऊल टाकतो तोच एकजण उठून ‘सर’ म्हणत आला. माझाच जुना विद्यार्थी. पहिल्या फटक्यात पास झालेला. त्याला इतका आनंद झाला की माझ्यासाठी खुर्ची ओढून आणली. सगळ्यांना सांगू लागला, रिव्हर्स मला सरांनी शिकवला. काहीजण हसले. चांगलं हसले, तरीही.
मी म्हणालो, हॉल भाड्याने बघायला आलोय. मग बघावा लागला. पावलांनी लांबी मोजली, पंखे मोजले, खिडक्या उघडून लावल्या. तो म्हणाला, सर, बसा तरी. मी म्हणालो, छोटा पडेल.

१८ फेब्रुवारी
नवीन विद्यार्थिनी. पन्नाशीच्या बाई. डावा पाय क्लचवरून उचलतच नाहीत. मनातल्या मनात नाव ठेवलं : क्लचबाई. घाबरलेल्यांना मी कामाचं विचारतो, मग ते बोलतात आणि गाडी आपोआप चालते. काय करता, विचारलं. म्हणाल्या, समुपदेशक आहे, व्यसन सोडू पाहणाऱ्या लोकांबरोबर काम करते.
काखेत कळसा नि गावाला वळसा.
योजना : त्या गाडी शिकतील, मी उपचार घेईन. त्यांना कळणारही नाही. त्यांची नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्या माझ्याकडे बघूच शकत नाहीत. याहून चांगला दवाखाना कुठला.

२० फेब्रुवारी
माझा एक मित्र आहे, म्हणून सुरुवात केली. त्यांनी दुसरा गिअर टाकला. मित्राला मुलंबाळं? एक मुलगी, मी म्हणालो. तिचं काय म्हणणं आहे? मी म्हणालो, इंडिकेटर द्या. त्यांनी दिला, वळल्या, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, हं, मुलीचं काय म्हणणं?
ती काही म्हणत नाही, मी म्हणालो. मग एसी कमी केला. पेट्रोल जातं.

२३ फेब्रुवारी
दादाला सांगितलं, थेरपिस्ट मिळाला, फरक आहे. कोण, त्याने विचारलं. मी म्हणालो, नाव सांगत नसतात. दादा म्हणाला, त्यांनी पेशंटचं सांगायचं नसतं रे, पेशंटला त्यांचं सांगता येतं. चिठ्ठी कुठाय? येईल, म्हणालो.
क्लचबाई आज म्हणाल्या, मित्राला सांगा, रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये, अंगावर येतं. आधी डॉक्टर गाठा, त्यांच्या देखरेखीखाली सोडा.
म्हणजे वैद्यकीय मत माझ्याच बाजूने आहे. त्या सोमवारी थांबलो असतो तर काय झालं असतं. घरी जाण्याआधी नेहमीपेक्षा थोडी जास्त.

२६ फेब्रुवारी
सकाळची वेळ. क्लचबाई, वर्दळीचा रस्ता. एक म्हातारबा हातात पिशवी घेऊन मध्येच उतरले. मी ‘ब्रेक’ म्हणालो. पाय टाकला. पाय ब्रेकवर नव्हता, शेजारी चटईवर होता. मी चटई पूर्ण ताकदीने दाबून धरली होती. गाडी जातच होती.
थांबवली क्लचबाईंनी. बंपर आणि पिशवी यांत वीतभर जागा. म्हातारबांनी बॉनेटवर हात आपटला, म्हणाले, डोळे आहेत का बटणं? माझ्याकडे बघून म्हणाले. मग गेले.
बाईंनी गाडी कडेला घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली काढून मुठीत. सगळं क्रमाने. मी म्हणालो, छान. त्या म्हणाल्या, सर, मित्र आज किती प्यायलाय?
थोडीच, मी म्हणालो.
त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, मला पहिल्या दिवशी वास आला होता. वाटलं, माणूस बोलतोय, तर बोलू दे, तोडला तर पुन्हा तोंड उघडणार नाही. तो माझा मूर्खपणा. तुमच्या भरवशावर मी रस्त्यावर गाडी चालवत होते, आणि तुम्ही बोलताय यातच मी खूश. ते आजोबा आज माझ्या हातून गेले असते.
मी म्हणालो, तुमचा क्लच सुधारलाय.
त्या म्हणाल्या, मी तुमची थेरपिस्ट होऊ शकत नाही, तुम्ही माझे शिक्षक आहात. एक नाव देते. तिथे मित्राला नका पाठवू.
मग लक्षात आलं की गाडी हलवायला कोणीच नाही. त्यांच्याकडे शिकाऊ परवाना, शेजारी शुद्धीतला शिक्षक लागतो. माझ्याकडे पक्का परवाना. दोघं पट्टे लावून बसलो. मागून हॉर्न. येणारे-जाणारे टपावरची ‘सुरक्षित शिका’ ही पाटी वाचत जात होते. दादाला फोन त्यांनीच लावला.
दादा वहिनीच्या स्कूटरवर मागे बसून आला. वहिनीने माझ्यापुढे हात पसरला. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, किल्ली बाईंच्या मुठीत होती. त्यांनी ती दादाला दिली. मी वहिनीच्या हातात थर्मास ठेवला. तिने झाकण उघडून वास घेतला आणि रस्त्याकडेच्या गटारात ओतला. मला वाटलं, निदान थर्मास परत देईल.

२ मार्च
त्या नावाला फोन केला. पुरुषाचा आवाज. पुढच्या आठवड्यात या, म्हणाला. तोवर डॉक्टरांना दाखवून घ्या, कोणाकडे ते सांगितलं. गाडी कशी लावता, हे विचारायचं राहिलं.

७ मार्च
मुलीला शिकाऊ परवाना मिळाला. तिला दादा शिकवणार. बायको म्हणाली, तुम्हाला चालेल ना? मला विचारलं, हे चांगलं झालं. चालेल, म्हणालो. मुलगी म्हणाली, बाबा, नंतर तुम्ही शिकवा. नंतर म्हणजे कधी, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१२ मार्च, गुरुवार
डॉक्टरांकडे गेलो नव्हतो. आधी थेरपी, मग गोळ्या, असा माझा क्रम.
मुलगी चालवत होती, दादा तिच्या शेजारी, मी मागे. ती गिअर टाकताना खाली बघते. दादा सांगत नाही. मीही सांगितलं नाही. थेरपिस्टच्या दारात उतरलो. दादा म्हणाला, आम्ही थांबतो. मी म्हणालो, कशाला. तो म्हणाला, थांबतो रे.
दुसरा मजला. मध्यमवयीन माणूस, स्वेटर, साधं टेबल, दोन खुर्च्या. गाडी नाही, सायकलने येतो म्हणाला. नाकारायला कारण मिळेना. मी शांत होतो, स्पष्ट बोलत होतो, हात अगदी स्थिर होता. त्याच्यावर चांगली छाप पडत असावी.
त्याने विचारलं, शेवटची कधी घेतलीत?
मी म्हणालो, परवा.
त्याने पेन खाली ठेवलं. वाट बघत राहिला. चिडला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. खिडकीतून खाली आमची गाडी दिसत होती. मुलगी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती, गाडी बंद असूनही.
मी म्हणालो, आत्ता. वर येताना, जिन्यात.