माहेरची परात

ती. आत्याबाईंना,

सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एका घरात राहत होतो तोवर पत्राची गरजच पडली नाही. जे काय ते तोंडावर. पण आज तुमच्या बदकांची पिल्लं पाण्यात खेळली, आणि ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला देवापुढे नीट बसवेना.

दहाव्याला गंगेवर किती ताटकळत ठेवलंत आम्हाला! कावळा समोर बसलेला, पण पिंडाला शिवेना. ह्यांनी मळा विकणार नाही म्हणून सांगितलं. वन्सं म्हणाल्या, भावाशी भांडणार नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. शेवटी मी हात जोडून म्हटलं, "आत्याबाई, बदकांचं मी बघेन." कावळा टपकन खाली! पोटचा मुलगा राहिला बाजूला आणि जीव बदकांत?

असो. शब्द दिला तो पाळायचा. बदकी अंडी घालून मोकळी झाली, बसायचं नाव नाही. मग तुम्ही ठेवायचात तशीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. पाच पिल्लं निघाली.

त्यांना पहिलं पाणी तुम्ही दाखवायचात ते माझ्या माहेरच्या पितळी परातीत. त्यावरून आपलं किती वाजायचं! जिच्यात पोळ्यांची कणीक मळायची, तिच्यात बदकं? तुमच्यामागे मी ती चिंचेनं घासून, गंगेचं पाणी शिंपडून माळ्यावर ठेवली होती. पुन्हा बदकांसाठी काढणार नव्हते.

म्हटलं, बदकाच्या पोराला पाण्याचं काय कौतुक? एकादशी बघून, कुंकू लावून पाचही जणांना मळ्यातल्या हौदात सोडलं. जरा वेळ तरंगली. मग पिसं भिजून जड झाली, माना खाली जायला लागल्या. कडा गुळगुळीत, वर चढता येईना. कोंबडी काठावरून मला बोल लावत होती. अगदी तुमचा आवाज! नेसत्या साडीनिशी हौदात उतरले.

पिल्लं पदरात घेऊन वर आले तर हे म्हणतात, "आई काय उगाच परात घेत होती? कोंबडीनं उबवलेली पिल्लं ही. बदकीच्या अंगाचं तेल त्यांना कुठून लागणार?"

"मग वर्षभर सांगितलं का नाही?"

"परातीचा विषय या घरात कोण काढणार?"

पाचवं पिल्लू गार पडलं होतं. त्याला छातीशी धरून चुलीपाशी रामरक्षा म्हणत बसले. दिलेला शब्द तिथेच बुडाला असं वाटलं. स्तोत्र संपायच्या आत त्यानं डोळा उघडला आणि पदरावर शिटलं. साडी घाण झाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

आज परात खाली काढली. बोटभर कोमट पाणी, मधे चढून बसायला सपाट दगड. जरा डुंबू दिलं, फडक्यानं टिपलं आणि उन्हात कोंबडीच्या पंखाखाली दिलं. पाचही ठणठणीत आहेत. पण आत्याबाई, तेव्हाच कारण सांगायचं होतंत की! मी तणतणायचे आणि तुम्ही नुसत्या हसायचात. असं कुणी भांडतं का?

वर्षश्राद्धाला पुरणपोळी होईलच. कणकेसाठी भांडीबाजारातून दुसरी परात आणते. ती हिशेबात घरखर्चात धरायची की धर्मकार्यात, एवढंच ठरायचंय. माहेरची परात मात्र आता बदकांची. हे कावळा समोर नसताना सांगते आहे, म्हणजे मनापासून आहे.

तेव्हा यंदा पानाला लगेच शिवा. पोळ्या गार होतात.

तुमची सून,
सुमन